व्हर्सायमध्ये भेटलेली मुंबईची सुई

पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्याबद्दल फार लिहिणार नाही. आरसेमहालात इतकी गर्दी होती की आरशांत उंचावलेल्या फोनांशिवाय काही दिसेना. सोनेरी दालनांमागून सोनेरी दालनं, मागून रेटणारी रांग आणि उकाडा. मला अजिबात आवडलं नाही.

मी गेले होते ओरांजरीसाठी. बागेच्या एका अंगाला, खालच्या पातळीवर, १६८४ ते १६८६ या काळात बांधलेली ही कमानदार दगडी गॅलरी १५५ मीटर लांब आहे. थंडीत संत्र्याची झाडं लाकडी पेट्यांसकट इथे आत घेतात. उन्हाळ्यात ती बागेत जातात आणि गॅलरी मोकळी होते. २०२४च्या उन्हाळ्यात त्या मोकळ्या जागेत एव्हा जोस्पँ या फ्रेंच कलावतीचं रेशमी दालन, ‘शांब्र द स्वा’, मांडलं होतं. १०७ मीटर लांब भरतकाम! आणि ते भरलंय आपल्या मुंबईत, चाणक्य या भरतकामाच्या कार्यशाळेच्या कारागिरांनी.

दूरून ते पेन्सिलीने काढलेलं रान वाटतं. कडे, पाणी, वेली, झाडांची गर्दी. जोस्पँ एरवी पुठ्ठ्याचे थर कापून अरण्यं उभी करते, त्यामुळे खडकांची ती दाटी तिच्या ओळखीचीच. पण जवळ गेले आणि पाय तिथेच थबकले. पेन्सिलीची प्रत्येक रेघ म्हणजे धागा होता. खडकाच्या सावलीत टाके एकमेकांना खेटून, उजेडाच्या बाजूला विरळ. मुळं जिथे वळतात तिथे टाक्यांची दिशाही वळलेली.

भरतकामाचं एरवी कसं चालतं? नक्षीचा कागदी खाका सुईने टोचायचा, तो कापडावर उतरवायचा, कापड कारचोबवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणायचं आणि चहूबाजूंनी बसून भरायला घ्यायचं. एकच बुट्टी पन्नासदा भरली की बोटं आपोआप चालू लागतात. कामाला वेग येतो तो या सवयीमुळे. या रानात मला कुठेच बुट्टी सापडली नाही. मुद्दाम शोधत चालले, तरी एक पान दुसऱ्यासारखं दिसेना. म्हणजे खाली रेखाटन असलं, तरी हा टाका किती लांब घ्यायचा, कुठल्या छटेचा घ्यायचा, कुठे थांबायचं, हे जागोजागी नव्याने ठरवावं लागलं असणार. मला या कामाची खरी थोरवी इथे वाटते. १०७ मीटर हा आकडा त्यानंतर. कापड सजवणारा धागा इथे स्वतःच चित्र झालाय आणि ते घडवणाऱ्यांना निव्वळ नक्कल करणारे म्हणणं मला तरी जमणार नाही.

जोस्पँला ही कल्पना सुचली रोमच्या पालाझ्झो कोलोन्नामधल्या भरतकामाच्या दालनावरून. त्या दालनाच्या भिंतींवरचं भरतकाम सतराव्या शतकातलं आणि तेही भारतीय! हे कळल्यावर मी पुन्हा पहिल्या टोकापासून चालायला सुरुवात केली. २०२१मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या शोसाठी हे काम पहिल्यांदा लागलं, तेव्हा ते शोची पार्श्वभूमी होतं. त्याच्यासमोर कपड्यांकडे कोणाचं लक्ष गेलं असेल, याचं मला नवल वाटतं.

तेव्हा राजवाडा आधी उरकण्यापेक्षा सरळ बागेकडे वळणंच बरं होतं. मी आधी राजवाड्यात गेलेल्या मंडळींसोबत होते. ती ओरांजरीत पोचेपर्यंत इतकी दमली की दारातूनच फोटो काढून परतली. फार वाईट वाटलं. टाका दारातून दिसत नाही हो.

मार्च २०२३मध्ये दिओरच्या शोसाठी गेटवे ऑफ इंडियापाशी चाणक्यने भरलेलं भलंमोठं तोरण लागलं होतं. ती संध्याकाळ निमंत्रितांची होती. हे रेशमी रान मुंबईत यावं, चांगल्या प्रकाशात काही महिने लागावं आणि तिकीट असं असावं की ज्यांनी ते भरलं त्यांना घरच्या सगळ्यांना घेऊन येता येईल. कोणत्या भागात आपला हात होता, हे त्यांनी बोट ठेवून दाखवावं. आम्ही मागे उभं राहून ऐकू.