मुसळधार नव्हे, उघडीप धोक्याची

धो धो पावसात डासांच्या अळ्या वाहून जातात. मलेरियाला फावतं ते चार सरी आणि आठवडाभराच्या उघडिपीत. मुंबईत हा रोग पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो: गच्चीवरची टाकी, विहीर, बांधकामाच्या स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करण्यासाठी, साठवलेलं पाणी, ताडपत्रीच्या घडीतलं तळं. उकाड्यात अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकायचंच. टाकीचं झाकण बसवतात, पण ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी लावायची राहते, आणि डास तिथूनच शिरतो. पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगणारी अळी दिसली की ती ॲनोफिलिसची. डोकं खाली करून लटकणारी असेल तर दुसऱ्या जातीची.