‘श्रवणयंत्र : आहे’

पन्हाळा तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, वर पत्रा आणि जुलैचा पाऊस. तिसरीतला मुलगा पहिल्या बाकावर, कानामागे यंत्र. मी विशेष शिक्षिका, शाळाभेटीला आलेली. “शांत बसतोय ओ बाई, काय त्रास न्हाई त्याचा. श्रुतलेखनातनं सूट दिलीया,” गुरुजी म्हणाले. माणूस मायाळू. पण दया आणि समावेशन यांची गल्लत अशीच होते.

कागदाने तोंड झाकून मी त्याच्या मागे उभी राहिले आणि सहा ध्वनी म्हटले : आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की त्याने हात वर करायचा. आ, ऊ, म ला हात वर गेला. ई ला चुळबुळ. श आणि स ला काहीच नाही. म्हणजे ‘ससा’ म्हटलं की त्याच्यापर्यंत फक्त स्वर पोचायचे. मग वहीत काय उमटणार?

यंत्र काढून पाहिलं. नळीत पाण्याचा थेंब, कानात बसणाऱ्या साच्याच्या भोकात मळ. थेंब रबरी पंपाने उडवला, मळ काढला. सेल बदलला, या सेलचं स्टिकर काढल्यावर तो मिनिटभर उघडा ठेवावा लागतो, हवा लागल्याशिवाय त्याला जोर येत नाही. घाईत लगेच बसवतात आणि ‘सेलच खराब’ म्हणतात. खरं दुखणं मात्र साच्याचं. पोराचा कान वाढला, साचा तेवढाच राहिला. फटीतून आवाज बाहेर येऊन यंत्र शिट्टी मारायचं, वर्ग हसायचा, म्हणून गुरुजींनी आवाज कमी करून ठेवलेला. शिट्टी थांबली, सोबत श-सही गेले.

पहिला बाकही चुकीचा. तिथून मान वर करून गुरुजी दिसतात, मागून उत्तर देणारी पोरं दिसत नाहीत. शिवाय खिडकीशेजारी, पत्र्याची पन्हळ तिथेच कोसळते. त्याला दुसऱ्या ओळीत आतल्या भिंतीकडे नेलं, चांगला कान वर्गाकडे. गुरुजींना दोनच गोष्टी सांगितल्या : फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि मागच्या पोराचं उत्तर तुम्ही पुन्हा म्हणा. मग हातभर अंतरावर समोर बसून दहा शब्द घातले. सात बरोबर. ‘ससा’ चुकलाच, ‘शशा’ लिहिलं. पण लिहिलं तर!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आमच्या प्रशिक्षणात पाठ करून घेतात. सेल कसा तपासायचा, हे कुणी दाखवत नाही.

नवा साचा कानाचं माप घेऊन बनतो, त्यासाठी कोल्हापूरला जावं लागतं, म्हणजे बापाचा एक रोजगार बुडणार. तोवर आवाज शिट्टीच्या जेमतेम खाली ठेवलाय. घरी येऊन गेल्या वर्षीचा भेटीचा तक्ता काढला. ‘श्रवणयंत्र : आहे.’ अक्षर माझंच.