शतपावलीमागचं ग्लूट-४

इन्सुलिन साखर स्वतः वाहून नेत नाही. ते स्नायूच्या किंवा चरबीच्या पेशीवरच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, आत निरोपांची साखळी सुरू होते आणि पेशीत साठवलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात. ग्लुकोज शिरतं ते त्यांच्यातून. इन्सुलिन ओसरलं की वाहक पुन्हा आत. मेंदूला हा खटाटोप लागत नाही. यकृतालाही नाही, तिथे इन्सुलिनचं मुख्य काम म्हणजे रक्तात साखर सोडणं थांबवणं.

टाइप २ मधुमेहात इन्सुलिन असूनही निरोप वाटेतच विरतो. पण स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-४ दुसऱ्या वाटेने, इन्सुलिनशिवायही बाहेर येतं, आणि ही वाट टाइप २मध्येही बरीच शाबूत असते. म्हणून जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. (शंभरच पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर, ती कमीच.)

इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याआधी मांडीत टोचू नये. तिथला रक्तप्रवाह वाढून इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर एकदम उतरू शकते. त्यापेक्षा पोटात टोचणं बरं. रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या वेळी चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.