बाणावलीतले छायाचित्र आणि बिमस्टेकची खुर्ची

ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्स देशांचे (ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका) प्रमुख गोव्यात बाणावलीला उतरले होते, तेव्हा आमच्या घरी मासळी घेऊन येणारी बाई दोन दिवस फिरकली नाही. तिचे घर बाणावलीतच, आणि वाटेत जागोजागी पोलीस बंदोबस्त. तिसऱ्या दिवशी ती आली, पाटी खाली ठेवली आणि सोप्यावर पडलेल्या वर्तमानपत्रातल्या मोठ्या छायाचित्राकडे पाहून तिने विचारले, "हांचो म्हालगडो कोण?" म्हणजे यांच्यातला मोठा, प्रमुख कोण. मी बांगडे मोजून घेत होतो. "तसा कोणी नाही, पाळीपाळीने होतात," असे सांगून मी विषय संपवला. ते उत्तर अर्धेच खरे होते, हे मला पुढे ते कात्रण जपून ठेवल्यावर हळूहळू कळत गेले.

ते छायाचित्र १६ ऑक्टोबरचे होते. ब्रिक्सच्या परिषदेला जोडून भारताने बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या नेत्यांना गोव्यात बोलावले होते. या देशांची संघटना म्हणजे बिमस्टेक. ६ जून १९९७ रोजी बँकॉकमध्ये बांगलादेश, भारत, श्रीलंका आणि थायलंड या चार देशांनी तिची स्थापना केली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात म्यानमार आत आला, आणि २००४ मध्ये नेपाळ व भूतान आल्यावर सदस्य सात झाले. मूळ नाव सदस्य देशांच्या आद्याक्षरांवरून पडलेले होते. नेपाळ व भूतान आल्यावर मात्र अक्षरे न बदलता त्यांचा अर्थ तेवढा बदलण्यात आला, आणि त्यात बंगालच्या उपसागराचे नाव आले. ही युक्ती मला नेहमीच मजेशीर वाटत आली आहे.

अध्यक्षपद इंग्रजी वर्णानुक्रमाने फिरते. पहिल्या फेरीत ते बऱ्यापैकी वेगाने फिरले. १९९७ मध्ये बांगलादेशापासून सुरुवात झाली आणि २००३ पर्यंत भारत, म्यानमार, श्रीलंका असे करत ते थायलंडकडे पोहोचले. दुसऱ्या फेरीत मात्र चाक रुतू लागले. भूतानची वेळ आली तेव्हा भूतानने ती घेतली नाही, म्हणून २००६ मध्ये अध्यक्षपद भारताकडे आले. म्यानमारकडे ते २००९ पासून २०१४ पर्यंत राहिले, नेपाळकडे २०१८ पर्यंत, श्रीलंकेकडे २०२२ पर्यंत आणि थायलंडकडे २०२५ पर्यंत. शिखर परिषद भरवून खुर्ची पुढच्याच्या हाती द्यायची, असा रिवाज पडल्यामुळे, ज्याच्या घरात अडचण त्याच्याकडेच ती अडकून पडू लागली.

आमच्या गावच्या देवळात उत्सवाची पाळी महाजन कुटुंबांत फिरते. एखाद्या घराला सुतक आले तर पुढचे घर पालखी उचलते. देवाचा उत्सव कोणाच्या सुतकासाठी वर्षभर खोळंबत नाही. बिमस्टेकमध्ये मात्र एकदा खुर्ची घेतली की ती मध्येच पुढच्याकडे देण्याची सोय कोणी केली नव्हती. नेपाळचेच पाहा. मार्च २०१४ मध्ये अध्यक्षपद घेतले तेव्हा पंतप्रधान होते सुशील कोइराला. त्यानंतर एप्रिल २०१५ चा भूकंप, सप्टेंबरातली नवी राज्यघटना आणि तिच्यामागून आलेली सीमेवरची नाकेबंदी, या सगळ्यांतून जात नेपाळने ओली, पुष्पकमल दहल ऊर्फ 'प्रचंड', देउबा आणि पुन्हा ओली असे पंतप्रधान बदलले. ऑगस्ट २०१८ मध्ये काठमांडूची परिषद झाली, तेव्हा यजमान ओली होते. ज्या देशाला स्वतःचे सरकार टिकवताना दमछाक होत होती, त्याच्याकडून सात देशांच्या व्यापार कराराचा पाठपुरावा व्हावा, ही अपेक्षाच जास्तीची होती. त्या मुक्त व्यापार कराराच्या चौकटीवर फेब्रुवारी २००४ मध्ये सही झाली होती. प्रत्यक्ष करार अजूनही झालेला नाही.

थायलंडची कथा तर एका कुटुंबातच फिरते. पहिली शिखर परिषद ३१ जुलै २००४ रोजी बँकॉकमध्ये झाली, तेव्हा पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा होते. २००६ मध्ये लष्कराने त्यांना हटवले. नोव्हेंबर २००८ मध्ये दिल्लीच्या दुसऱ्या परिषदेला त्यांचे मेहुणे सोमचाय वाँगसावत पंतप्रधान म्हणून आले आणि तीन आठवड्यांच्या आत न्यायालयाच्या निकालाने पायउतार झाले. ४ एप्रिल २०२५ रोजी सहावी परिषद पुन्हा बँकॉकमध्येच भरली, तेव्हा यजमानपद थाकसिन यांची मुलगी पेतोंगतार्न यांच्याकडे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घटना न्यायालयाने त्यांनाही पदावरून दूर केले.

सर्वांत विलक्षण योग मात्र श्रीलंकेच्या वाट्याला आला. पाचवी परिषद ३० मार्च २०२२ रोजी कोलंबोहून दूरदृश्य पद्धतीने झाली, संघटनेच्या सनदेवर सह्या झाल्या, आणि पंचवीस वर्षांनी बिमस्टेकला लिखित पाया मिळाला. अध्यक्षस्थानी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे होते. दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, वीज आणि इंधनाच्या टंचाईने कावलेले लोक मिरिहाना येथील त्यांच्या घराबाहेर जमले. जुलैमध्ये ते देश सोडून गेले.

आता पुन्हा गोव्याकडे. २०१६ मध्ये अध्यक्षपद नेपाळकडे होते आणि पंतप्रधान प्रचंड स्वतः गोव्यात हजर होते. पण बोलावणे भारताचे, जागा भारताची आणि विषयपत्रिकेवरचा भरही भारताचाच. सप्टेंबरात उरीचा हल्ला झाला होता, इस्लामाबादला नोव्हेंबरात व्हायची सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, परिषद भारतासह इतरांनी नकार दिल्याने बारगळली होती, आणि पाकिस्तानविना शेजाऱ्यांना एकत्र आणणारे तयार व्यासपीठ भारताला बिमस्टेकमध्ये सापडले. पुढच्याच मार्चमध्ये सदस्य देशांच्या राष्ट्रीय सुरक्षा प्रमुखांची पहिली बैठक दिल्लीत झाली, आणि मे २०१९ मध्ये मोदींच्या दुसऱ्या शपथविधीला सार्कऐवजी बिमस्टेकच्या नेत्यांना निमंत्रणे गेली. म्हालगडा कोण, या प्रश्नाला तेव्हाच मी नीट उत्तर द्यायला हवे होते: खुर्ची एकाकडे आणि किल्ल्या दुसऱ्याकडे. सचिवालयाच्या खर्चातला ३२ टक्के वाटा भारत उचलतो, हेही त्याच उत्तरात येते. व्यापाराच्या नावाने निघालेल्या संघटनेला वेग सुरक्षेच्या निमित्ताने यावा, हे मला फारसे सुखाचे वाटत नाही. पण तसे झाले खरे.

सचिवालयाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. ते सप्टेंबर २०१४ मध्ये ढाक्यात सुरू झाले. पहिले महासचिव श्रीलंकेचे सुमित नाकंदला. त्यांच्यानंतर बांगलादेशाचे शहीदुल इस्लाम, भूतानचे तेन्झिन लेकफेल आणि जानेवारी २०२४ पासून भारताचे इंद्रमणी पांडे. सरकारे कोसळत असताना फाइली हलत्या ठेवण्याचे काम याच माणसांनी केले, आणि त्यांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नसतात.

कात्रण आता पिवळे पडले आहे. त्या दिवशी गोव्यात आलेल्या म्यानमारच्या नेत्या आंग सान स्यू ची फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावात पकडल्या गेल्या. शेख हसीना ५ ऑगस्ट २०२४ रोजी ढाका सोडून भारतात आल्या. श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिरिसेना २०१९ मध्ये निवडणुकीतून बाजूला झाले. थायलंडचे पंतप्रधान तर आलेच नव्हते, कारण तीनच दिवसांपूर्वी राजे भूमिबोल यांचे निधन झाले होते. २०२५ मध्ये बँकॉकमध्ये अध्यक्षपद स्वीकारले ते बांगलादेशाच्या अंतरिम सरकारचे तेव्हाचे प्रमुख, म्हणजे मुख्य सल्लागार, मुहम्मद युनूस यांनी. योगायोग असा की २००८ च्या दिल्ली परिषदेतही बांगलादेशातर्फे अंतरिम सरकारचेच मुख्य सल्लागार, फखरुद्दीन अहमद, आले होते.

२० मे २०२४ पासून अमलात आलेल्या सनदेने दर दोन वर्षांनी शिखर परिषद आणि वर्णानुक्रमाने अध्यक्षपद हे कागदावर पक्के केले आहे. त्या क्रमाने बांगलादेशानंतर पाळी येते ती भूतानची, ज्याने मागच्या फेरीत ती सोडून दिली होती. कात्रणातले भूतानचे त्शेरिंग तोबगे २०१८ मध्ये हरले होते; जानेवारी २०२४ पासून ते पुन्हा पंतप्रधान आहेत.