कुणाचा वाढदिवस?

केकची ताटली घेऊन शेजारचं दार वाजवलं की दार उघडणारा माणूस आधी ताटलीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, "अरे वा! कुणाचा वाढदिवस?"

कुणाचाच नाही म्हटलं की पंचाईत होते. मग लग्नाचा वाढदिवस? मुलीला नोकरी लागली? नवी गाडी? मी दर वेळी "संत्री संपत नव्हती" असं खरं ते सांगते आणि दर वेळी ते कुणाला पटत नाही. पोह्यांना कारण लागत नाही, थालीपिठाला तर नाहीच नाही. केक मात्र विनाकारण दारात आला की लोकांना कसंनुसं होतं. त्यात माझा केक बोडका. वर क्रीम नाही, चेरी नाही, नाव नाही. तपकिरी, मधोमध तडकलेला, पावासारखा लांबट.

संत्री खरोखरच संपत नसतात. डिसेंबरात एका सकाळी काटोलहून दादाचं खोकं येतं. आत वर्तमानपत्राच्या कपट्यांत निजवलेली सहा-सात किलो संत्री, आंबिया बहाराची. आंब्याला मोहोर येतो त्याच सुमाराला ही झाडं फुलतात, म्हणून आंबिया. पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणारा तो मृग, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये. दादाच्या मते खरी चव मृगाची, पण बहिणीला वाट बघायला लावायची नाही म्हणून आधी आंबिया आणि मग मृग, अशी दोन्ही खोकी येतात. घरात खाणारी माणसं दोन.

पहिले दोन दिवस आम्ही इमानेइतबारे खातो. जेवण झालं की, चहाआधी, गॅलरीत उन्हाला बसून. तिसऱ्या दिवशी तळाचं एखादं मऊ पडतं. नागपुरी संत्र्याची साल आतल्या फळाला धरून नसते, ढिल्या झग्यासारखी असते. म्हणून ते नखाने सुटतं, आणि म्हणूनच प्रवासात लवकर दुखावतं. एकाला बुरशी धरली की शेजारचं गेलंच.

वाटून टाका म्हणाल, तर तेही करून पाहिलं आहे. चार संत्री घेऊन गेलं की लोक "अहो कशाला, आत्ताच आणलीत आम्ही" म्हणतात. खोटं नसतं ते. हंगामात सगळ्यांकडे असतात. केकला असं कुणी म्हणत नाही.

दादाला मात्र हा प्रकार अजिबात मंजूर नाही. फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "का वो बाई, संत्रा का भाजाचं फळ हाय? सोलाचं अन् खाचं!" पुण्यात राहून मी बिघडले याचे त्याच्याकडे बरेच पुरावे आहेत, त्यात हा एक वाढला. याहून मोठा अपराध एकदाच घडला होता. इथे हातगाडीवर घट्ट सालीची, चकचकीत नारिंगी फळं "नागपुरी, नागपुरी" म्हणून ओरडून विकतात. मी भाबडेपणाने घेतली आणि त्याला फोटो पाठवला. ते किन्नू होते. पंजाबात पिकणारे, त्याआधी कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात दोन जातींच्या संकरातून तयार झालेले, १९३५ साली लागवडीसाठी बाहेर आलेले. फळ म्हणून काही वाईट नाही, रस भरपूर, बियाही भरपूर. पण २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या फळाच्या गावची मुलगी किन्नू विकत घेते, तेही नागपुरी समजून! दादाने दोन दिवस फोन घेतला नाही.

तर केक. यातली सगळी मेख सालीत आहे. रसाला गोडी असते, आंबटपणा असतो, पण संत्र्याचा म्हणून जो वास, तो सालीवरच्या बारीक ठिपक्यांत भरलेल्या तेलाचा. लहानपणी आम्ही भावंडं साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत पिचकारी मारायचो, तेच ते तेल. फुगलेल्या फुग्यावर ही साल पिळली तर फुगा फट्‌कन फुटतो, मेणबत्तीच्या ज्योतीवर पिळली तर तडतड ठिणग्या उडतात. असली जहाल चीज केकमध्ये चमचाभरच लागते. आणि तिच्या खालचा पांढरा भाग अजिबात लागत नाही, कारण तो कडू.

हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. दोन संत्र्यांच्या अख्ख्या साली मिक्सरमधून काढून घातल्या. केक फुगला छान, रंगही आला, आणि एक घास खाल्ल्यावर कुणीतरी काढा पाजल्यासारखं तोंड झालं. शेजारी वाटून झाला होता तोवर. कुणीही वाईट म्हणालं नाही. "वेगळीच चव आहे हं," असं तीन घरांतून ऐकू आलं. मराठी माणूस "वेगळीच" म्हणाला की समजायचं, उरलेला तुकडा मोलकरणीच्या किंवा कुंडीच्या वाट्याला गेला.

आता साल किसते. ढिल्या सालीचं संत्रं किसणं म्हणजे सैल उशीला इस्त्री करणं. किसणी टेकवली की साल आत दबते, दाबून धरावं तर आतल्या फोडी फुटून रस मनगटावरून कोपरापर्यंत. त्यावर मला सापडलेली युक्ती एवढीच, की धुऊन पुसून फळ तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं, साल जरा ताठ होते. मग किसणी स्थिर धरून फळ तिच्यावरून अलगद फिरवायचं, नारिंगी गेलं आणि पांढरं दिसलं की पुढची जागा. सोलायच्या आधी किसायचं, हे सांगायला नको. पण मी एकदा सोलून बसले होते म्हणून सांगते. हा कीस कोरडा मैद्यात टाकायचा नाही. साखरेत घालून बोटांनी चोळायचा. साखरेचे कण खरखरीत असतात, ते किसातलं तेल ओढून घेतात. दोन मिनिटांत साखर ओलसर होते, फिकट केशरी दिसते आणि स्वयंपाकघरात वास सुटतो. केक करण्यातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. पुढचं सगळं नुसतं कालवणं.

कालवण्याचं मापही सांगून टाकते. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी रस, अर्ध्या वाटीला जरा कमी तेल, चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूट मीठ. इंग्रजांचा पाउंड केक म्हणजे मैदा, लोणी, साखर, अंडी सगळं एकेक पाउंड, प्रत्येकी साडेचारशे ग्रॅम. हिशोब सोपा आणि पोटाला जड. आपला हिशोब वाटीचा. वाटी कुठली, असं विचारू नका. घरात जी एक ठरलेली असते ती. रस मात्र आयत्या वेळी काढायचा. मोसंबीचा रस ठेवून दिला की कडवट होतो तसा हाही होतो, आणि दह्या-रसाचा आंबटपणा सोड्याला भेटला की लगेच बुडबुडे यायला लागतात. ते विरायच्या आत पीठ भांड्यात आणि भांडं भट्टीत जायला हवं. तेवढ्यात फोन वाजला तर वाजू द्यावा.

आईकडे ओव्हन नव्हता. ती कुकरच्या तळाशी वाळू पसरायची, शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, आणि आत जाळीवर डबा. वाळू समोरच्या बांधकामावरून वाटीभर मागून आणलेली, चाळून धुऊन वाळवलेली. केकसाठी ती वर्षानुवर्षं एका बरणीत जपून ठेवलेली असायची. बरणीवर "वाळू" अशी चिठ्ठी. पाहुणे बुचकळ्यात पडायचे. माझ्याकडे आता ओव्हन आहे, १८० अंशांवर चाळीस मिनिटं, काडी टोचून कोरडी आली की झालं. वाळूच्या कुकरात खालून जो खरपूसपणा यायचा तो काही येत नाही, पण वाळू मागायला आता कुणाकडे जायचं?

माझ्या मापात अंडं नाही, हे लक्षात आलं असेलच. मला स्वतःला अंड्याचा केक जास्त आवडतो. पण अकरा घरांत वाटायचा असेल तर वाढदिवसानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "अंडं नाही ना?" कुणाची चतुर्थी, कुणाचा मार्गशीर्षातला गुरुवार, कुणाच्या सासूबाई आल्यात. मग प्रत्येक दारात वेगळं उत्तर लक्षात ठेवण्यापेक्षा अंडं नकोच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याची मला इथे नेहमी आठवण येते. त्याच्या बायकोला अंडं चालायचं नाही म्हणून त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली; तिला यीस्टही सोसायचं नाही, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. एका बायकोचं पथ्य आणि जगभराची सोय. आमच्या इमारतीतल्या सगळ्या चतुर्थ्या त्या माणसाच्या ऋणात आहेत.

केक लांबट भांड्यात करण्यामागेही हीच अकरा घरं. तीन मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातलं एक आमचं. गोल केकचे आठ तुकडे सरळ होतात; अकरा करायला गेलं की कुणाला भाला, कुणाला फाचर, आणि मग कुणाला मोठा द्यायचा याचं राजकारण. लांबट केक पावासारखा उभा कापायचा, सगळे सारखे. दोन्ही बाजूंची टोकं करणाऱ्याची. कडक, जास्त भाजलेली, साखर किंचित जळलेली. ती मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाते. त्याच दिवशी कापायची घाई मात्र करू नये. तेलातला केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो आणि रात्रभरात वास आत मुरतो. रात्रभर कुणी हात लावणार नाही याची व्यवस्था ज्याने त्याने बघावी.

वाटायला मी स्टीलच्याच ताटल्या घेते. आईच्या रुखवतातल्या, काठावर मशीनने नाव आणि तारीख कोरलेल्या. कागदी ताटली सोयीची खरी, पण ती परत येत नाही, आणि ताटली परत येण्यात खरी मजा आहे. दिलेलं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आमच्या इमारतीत अजून शाबूत आहे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडून मेथीचा लाडू येतो. समोरच्या आजी दोन हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची डहाळी ठेवतात, त्यांच्या कुंडीतली. भाड्याने राहणारी मुलं ताटली न धुता, पण वर चॉकलेट ठेवून पाठवतात.

तिसऱ्या मजल्यावरचे काका एकटेच असतात. काकू जाऊन चार वर्षं झाली, डबा बाहेरून येतो. त्यांची ताटली यंदा आठ दिवस आलीच नाही. मी विचारणार नव्हते. नवव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. काका दारात, ताटली लख्ख घासलेली, आणि तिच्यावर दोन मोठी, चकचकीत, नारिंगी फळं.

"रिकामी कशी आणायची, सुचत नव्हतं," ते म्हणाले. "आज गाडीवर बघितली आणि म्हटलं, हिच्या माहेरची आहेत. अगदी नागपुरी!"

मी फळ हातात घेतलं. घट्ट. साल आतल्या फळाला घोटून चिकटवल्यासारखी.

"वा काका," मी म्हटलं, "लगेच ओळखू आली."

दुसऱ्या दिवशी किसणी फिरवली तर साल कुठेही दबली नाही. पाच मिनिटांत वाटीभर कीस निघाला, मनगट कोरडं ठणठणीत, पांढऱ्याचा कण नाही. केक असा झाला की यंदाच्या हंगामातला तोच पहिला नंबर. काकांना टोकाचा तुकडा दिला, जो मी आजवर कुणाला दिलेला नाही.

दादाचा फोन आला होता. संत्री संपली का, विचारत होता. संपत आली, म्हटलं. केकबद्दल काही बोलले नाही.