तव्यावरचं चिली चीज सँडविच

मुंबईच्या सँडविचवाल्याकडचं चिली चीज ग्रिल घरी जमत नाही, ते ग्रिलर नसल्यामुळे नव्हे. बिघडवणाऱ्या गोष्टी दोनच: सारणातलं पाणी आणि मोठी आच. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा आणि एक झाकण, एवढ्यावर काम होतं.

दोन सँडविचसाठी मोठ्या सँडविच ब्रेडच्या 4 स्लाइस, प्रोसेस्ड चीजचे 25 ग्रॅमचे 3 क्यूब, 50 ग्रॅम मोझरेला, 30 ग्रॅम मऊ झालेलं बटर, 3 लवंगी मिरच्या, लसणाची 1 पाकळी, अर्धी सिमला मिरची. वेगळं मीठ नको, चीज आणि बटरमध्ये पुरेसं असतं.

चीज दोन प्रकारचं हवंच. प्रोसेस्ड चीजमधल्या क्षारांमुळे ते तापल्यावर तूप सुटत नाही, गुळगुळीत राहतं. शिवाय खारटपणा त्याचाच. तारा मात्र मोझरेलाच्या. नुसतं मोझरेला घातलं तर फिकं लागतं आणि गार झाल्यावर रबरासारखं चिवट होतं. दोन्ही किसून घ्या. जाड काप आतून वितळेपर्यंत ब्रेड करपतो.

मिरची चिरून वर भुरभुरवली की एक घास जाळतो आणि पुढचा सपक लागतो. म्हणून मिरची-लसूण खलबत्त्यात ओबडधोबड ठेचून थेट चीजमध्ये कालवा. चीजमधली स्निग्धता आणि प्रथिनं तिखट बरंच मारतात, तेव्हा हात आखडू नका. कमीच तिखट हवं असेल तर बिया नव्हे, बिया धरून ठेवणारी आतली पांढरी शीर काढा. खरा जाळ तिथे असतो.

सिमला मिरची बारीक चिरून कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर 1 मिनिट परता, पूर्ण गार करा आणि मगच चीजमध्ये मिसळा. कच्ची घातली तर तिचं पाणी ब्रेडमध्ये उतरतं. टोमॅटो याच कारणासाठी इथे नको. हिरवी चटणी लावायची असेल तर वाटताना चमचाभर पंढरपुरी डाळं घाला. ते पाणी धरून ठेवतं आणि चटणी ओघळत नाही.

स्लाइसला आतूनही बटरचा पातळ थर द्या, मग चटणी. ओल आत शिरत नाही. सारण कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत ठेवा. बाहेरचं बटर ब्रेडलाच लावायचं. तव्यात टाकलं तर त्यातले दुधाचे कण जळून काळे डाग पडतात.

तवा मंद आचेवर 2 मिनिटं तापवा. सँडविच ठेवून 3 मिनिटं झाकण. कोंडलेल्या उष्णतेने चीज वरूनही सैल होतं. उलटल्यावर झाकण नको, नाहीतर वाफेने कुरकुरीतपणा जातो. उलथन्याने हलकेच दाबत आणखी 2-3 मिनिटं भाजा. जोरात दाबलं तर चीज तव्यावर येतं.

हेच सारण एका बाजूने भाजलेल्या स्लाइसवर पसरून, झाकणाखाली वितळवून, वर फ्राय केलेलं अंडं ठेवलं की मुंबईच्या विलिंग्डन क्लबच्या नावाशी जोडलेल्या ‘एग्ज केजरीवाल’च्या जवळचा पदार्थ होतो. अंड्याचा बलक मात्र ओला ठेवा.

उतरवलेलं सँडविच ताटलीत ठेवू नका, खालची बाजू वाफेने ओली होते. जाळीवर किंवा पालथ्या चाळणीवर 1 मिनिट ठेवा आणि दात्यांच्या सुरीने, न दाबता, ओढत कापा.