वारान

"वारान," खिडकीबाहेर पाहत तो सहज म्हणाला. इराकी कुर्दिस्तानातल्या हलब्जा शहराच्या वरच्या डोंगरातून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा. मी लगेच दुरुस्ती केली, "बारान ना?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो, बारान. वारान आजी म्हणते."

दिवसभर ते वाक्य मनातून गेले नाही, कारण चूक माझी होती. पावसाला फारसीत आणि तिकडच्या सोरानी कुर्दी भाषेतही 'बारान' म्हणतात, पण त्याच्या आजीच्या, इराण-इराक सीमेवरच्या हवरामी बोलीने शब्दारंभीचा जुना 'व' सोडलेला नाही. अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला बर्फ 'वफ्र', फारसीत तो 'बर्फ' झाला, हवरामीत 'वर्व' राहिला, आणि तो शब्द आजही स्त्रीलिंगी आहे, उलट फारसीने व्याकरणातले लिंग केव्हाच टाकून दिले.

मग मी त्याला आजीच्या बोलीत वीसपर्यंत मोजायला सांगितले. शेवटी तो 'वीस' म्हणाला, अगदी आपल्यासारखे. अवेस्तातले 'वीसइति' आणि संस्कृतातले 'विंशति' सख्खी भावंडे. फारसीत 'बीस्त' झाले, हिंदीत 'बीस', आणि हा 'व' हवरामानच्या दरीत व आपल्या पाढ्यांत मात्र तसाच राहिला.

जवाचे उलट झाले. मूळ 'यव', फारसीत 'जौ', मराठीत 'जव', दोघांनीही 'य' गमावला. हवरामीने तो जपल्याचे मी वाचले आहे, पण त्याला स्वतःला तो शब्द आठवेना. रात्री तो आजीला फोन करून विचारणार आहे.

तुमच्या आजीचा असा कोणता शब्द तुम्ही कुणीतरी दुरुस्त केल्यावर सोडून दिलात?